सीटपोस्ट म्हणजे नुसती नळी नाही हो

पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, की सीटपोस्ट (सीट ज्यावर बसते आणि खाली फ्रेममध्ये जाते ती नळी) कुठलाही चालतो, बारीक मिळाला तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा गुंडाळा, ग्रीस लावू नका सीट घसरेल, आणि खड्ड्यांचा त्रास असेल तर कार्बनचा घ्या. नवीन लोक हे वाचून खरेदी करतात म्हणून लिहितोय.

"कुठलाही चालतो": नाही चालत. २७.२, ३०.९, ३१.६ मिमी हे व्यासाचे नेहमीचे साइज, पण जुन्या स्टील फ्रेममध्ये २६.८, २६.६ असलंही निघतं आणि ०.२ मिमीनेसुद्धा फरक पडतो. जुन्या पोस्टवर खालच्या बाजूला आकडा असतो तो बघा, पुसला असेल तर व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजा, भोसरी-चिंचवडला कारखान्यात कामाला असलेलं कुणीतरी ओळखीत असतंच. बारीक पोस्ट घातला की क्लॅम्प (पोस्ट धरून ठेवणारी कडी) आवळत बसतो आपण, सगळा ताण सीट ट्यूबच्या, म्हणजे पोस्ट ज्यात जातो त्या फ्रेमच्या नळीच्या, वरच्या कडेवर येतो आणि तडा तिथूनच जातो. शिम, म्हणजे फट भरणारी बारीक नळी, वापरायला माझा विरोध नाही, पण कॅनचा पत्रा नको, ३१.६ मध्ये २७.२ बसवायला अ‍ॅल्युमिनियमची तयार लांब शिम मिळते ती घ्या ना.

ग्रीसचं वाचून तर खरंच राग येतो. आपल्याकडचा पावसाळा बघा, मागच्या चाकाचं पाणी उडून क्लॅम्पच्या फटीतून आत जातं, स्टील फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट कोरडा बसवला तर दोन धातूंत गंज धरून तो असा जाम होतो की शेवटी कापून काढावा लागतो. धातूला धातू असेल तर ग्रीस हवंच, सीट घसरते ती बहुतेक वेळा साइज चुकल्यामुळे. फक्त पोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट लावायची.

कार्बनने धक्के थोडे कमी होतात, खोटं नाही, पण पोस्ट फ्रेमबाहेर भरपूर निघालेला असेल तरच, आणि त्याआधी टायर रुंद घेऊन हवा थोडी कमी ठेवून बघा, पैसे वाचतील. घेतलाच तर क्लॅम्पवर लिहिलेला टॉर्क (बोल्ट किती आवळायचा ते माप) पाळा, बऱ्याचदा ५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो.

आणि मेसेजमध्ये जे यायलाच हवं होतं ते नाहीच: पोस्टवरची कमीत कमी आत जाण्याची रेघ. ती बाहेर दिसत असेल तर सायकल चालवू नका, लांब पोस्ट आणा. जुना काढण्याआधी पेडलच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून नाही, क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची लिहून ठेवा, आणि सेटबॅकही (पोस्टचं वरचं टोक मागे किती झुकलंय ते) मोजा, जुन्याला सेटबॅक असेल आणि नवा पोस्ट सरळ निघाला तर सीट बऱ्याचदा २०-२५ मिमी पुढे येईल.