बेचाळीस बटणांत ‘डॉक्टर’ मावत नाही

मनगट दुखतंय म्हणून स्प्लिट कीबोर्डची, म्हणजे दोन हातांसाठी दोन सुट्या भागांत विभागलेल्या कीबोर्डची, चौकशी सुरू केली की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवरून एक मेसेज येऊन पडतोच. त्याचा मथितार्थ असा: स्प्लिट घ्यायचा तर सर्वात छोटाच घ्या. बटणं जितकी कमी, तितकी बोटांची धावपळ कमी आणि मनगट सुखरूप. ३६ ते ४२ बटणांत सगळं होतं, उरलेलं लेयरवर टाका (एक बटण धरून ठेवलं की बाकीची बटणं दुसरी अक्षरं देतात, तो लेयर). आकडे तर लेयरवर उलट चांगले. मोठा कीबोर्ड मुंबईच्या घरात आणि लोकलच्या बॅगेत मावत नाही. छोटा स्वस्तही पडतो. आणि जे मोठा घेतात ते सवय बदलायला घाबरतात, बस.

हा मेसेज पुढे ढकलणारे बरेच जण दिवसभर इंग्रजीत कोड लिहितात. त्यांच्यापुरतं यातलं निम्मं खरंही आहे. माझं काम मात्र मराठीत चालतं: भाषांतरं, पत्रव्यवहार, अधूनमधून सोसायटीच्या नोटिसा (मला टाइप करता येतं हे सेक्रेटरींना कळल्यापासून ‘अधूनमधून’ म्हणण्यात काही अर्थ उरलेला नाही). म्हणून मेसेजमधलं एकेक वाक्य धरून बोलते.

मापं आधी सांगून ठेवते. फेरिस स्वीप ३४ बटणांचा, कॉर्ने ४२ चा. मधल्या मापात लिली५८ आणि सोफल, दोन्ही ५८ चे. मोठ्यांत मूनलँडर ७२ आणि अर्गोडॉक्स ७६.

‘बटणं कमी, म्हणून मनगट सुखरूप’

स्प्लिट कीबोर्डमुळे मनगटाला जो आराम मिळतो तो कशाने मिळतो? दोन भाग खांद्याइतके लांब ठेवता येतात, त्यामुळे पंजे करंगळीच्या बाजूला वळवून टाइप करावं लागत नाही. आतली कड उचलून दोन्ही भाग बाहेरच्या बाजूला उतरते ठेवता येतात, त्यामुळे तळवे सारखे जमिनीकडे पिळून धरावे लागत नाहीत. तिसरी गोष्ट टेबलाची उंची. ती चुकली तर मनगट वरच्या बाजूला मोडलेलं राहतं आणि मग कुठलाच कीबोर्ड उपयोगाचा नाही. या तिन्हींत बटणांची संख्या कुठेच येत नाही. ३४ बटणांचा कीबोर्ड उंच डायनिंग टेबलावर सपाट ठेवून वापरला तर दुखणं जसंच्या तसं राहील.

मेसेजमध्ये खरं आहे ते इतकंच: नेहमीच्या बटणांमध्ये १९.०५ मिलिमीटरचं अंतर असतं, म्हणजे होम रोपासून (बोटं विसावतात त्या मधल्या ओळीपासून) आकड्यांच्या ओळीपर्यंत बोटाला सुमारे ३८ मिलिमीटर जावं लागतं. हात लहान असेल तर त्यासाठी पंजा उचलावा लागतो. लेयर वापरला की हा ताण वाचतो. पण काम नाहीसं होत नाही, ते अंगठ्यावर जातं. अंगठ्याने लेयरचं बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने अक्षर मारायचं, दिवसभर. फोनमुळे ज्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी आधीच कळ येते, त्यांनी हा व्यवहार नीट विचार करून करावा.

मोठे कीबोर्ड याबाबतीत धुतल्या तांदळासारखे नाहीत. अर्गोडॉक्सवर प्रत्येक अंगठ्यासाठी सहा बटणं आहेत आणि मध्यम हाताच्या माणसाचा अंगठा त्यातल्या दोन-तीनांपर्यंतच आरामात पोहोचतो. तेव्हा मोजायचीच असतील तर अंगठा न ताणता दाबता येणारी बटणं मोजा.

‘३६ ते ४२ बटणांत सगळं होतं’

इथे माझं खरं भांडण आहे. ‘सगळं’ म्हणजे इंग्रजीची २६ अक्षरं आणि चार विरामचिन्हं असं गृहीत धरलंय.

मराठी उच्चारानुसार रोमन अक्षरांत टाइप करून यादीतून शब्द निवडणाऱ्यांना हे चालेल, त्यांना २६ अक्षरं पुरतात. पण इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ठरलेल्या बटणावर असलेला लेआउट, वापरणाऱ्यांचं काय? हा लेआउट १९९१ च्या भारतीय मानकात, आयएस १३१९४ मध्ये आहे, विंडोजमध्ये मराठीसाठी आयता मिळतो, आणि तो २६ बटणांत कधीच बसलेला नाही. स्वर आणि मात्रा डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, आणि उजवीकडची व्यंजनं पी आणि एलच्या पुढेही पसरलेली. ‘डॉक्टर’ हा शब्द घ्या. ड पीच्या शेजारी, चौकटी कंसाच्या बटणावर. ॉ एंटरच्या वर, उलट्या तिरक्या रेघेवर. ट अवतरणचिन्हावर. क, ् आणि र एवढेच इंग्रजी अक्षरांच्या जागी. म्हणजे सहापैकी तीन ठोके २६ अक्षरांच्या बाहेर. कॉर्नेवर ट वाचतो, ड आणि ॉ जातात. ३६ बटणांच्या कीबोर्डवर उजव्या होम रोमध्ये पाचच बटणं असतात, त्यामुळे च आणि ट यांतला एकच शेवटच्या जागी बसतो. दुसरा लेयरवर. ‘हेच’, ‘तोच’, ‘आत्ताच’ लिहिल्याशिवाय मराठी माणसाचं एक वाक्य पुरं होत नाही आणि तुम्ही च लेयरवर टाकायला सांगताय?

‘लेयरवर टाका’ म्हणणं सोपं आहे. ड लेयरवर टाकला की ढ आपोआप लेयर, शिफ्ट आणि बटण असा तिहेरी ठोका होतो. आता ‘एवढं’, ‘पुढे’, ‘वाढदिवस’, ‘काढून टाका’ लिहून बघा. ृ बरोबरच्या चिन्हावर आहे. आमच्या नोटिशीचा मथळाच ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ असा, म्हणजे दुसऱ्याच शब्दात लेयर. ज्ञ, त्र, क्ष, श्र हे शिफ्टसकट आकड्यांच्या ओळीत ५ ते ८ वर आहेत आणि ॅ शिफ्ट-२ वर. जोडाक्षरं निदान तुकड्यांनी जोडता येतात. ॅ जोडून येत नाही, आणि तो नसेल तर बॅग, टॅक्सी, गॅस, कॅन्सल यांतलं काहीच लिहिता येत नाही.

छोट्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, ‘शिफ्ट-२’ असं अख्खं एका बटणावर बसवता येतं. इंग्रजीत ते ॲट द रेटचं चिन्ह देतं आणि मराठीत गेलात की तेच बटण शिफ्टशिवाय ॅ देतं. ही सोय मोठ्या कीबोर्डवरही आहेच, पण छोटा वापरणाऱ्यांनी ती आधी हुडकली.

आणखी एक खड्डा कोलमॅकचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या एका पर्यायी मांडणीचा. छोट्या कीबोर्डबरोबर तो शिकायचा सल्लाही बऱ्याचदा येतो. कोलमॅक फर्मवेअरमध्ये बसवला की कॉम्प्युटरला वेगळ्याच बटणांचे संकेत जातात आणि इनस्क्रिप्टची अक्षरं घर सोडून पळतात. मराठीसाठी साध्या क्वर्टीचा (नेहमीच्या इंग्रजी मांडणीचा) वेगळा लेयर ठेवून दर वेळी बदलावा लागतो.

आता होम रो मॉड्स. ३४-३६ च्या कीबोर्डवर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्टला स्वतःची जागा उरत नाही, म्हणून ती होम रोच्या अक्षरांवरच बसवतात: चटकन दाबलं तर अक्षर, धरून ठेवलं तर कंट्रोल. फर्मवेअर साधारण २०० मिलिसेकंदांच्या हिशेबाने ठरवतं की तुम्हाला काय हवं होतं. एका प्रचलित मांडणीत कंट्रोल डीवर असतो. इनस्क्रिप्टमध्ये डीवर काय आहे? हलन्त. जोडाक्षरं जोडणारं, मराठीत ज्याच्याशिवाय ओळ सरकत नाही ते चिन्ह.

हलन्त डाव्या हाताने आणि पुढचं व्यंजन बहुधा उजव्या हाताने. वेगात टाइप करताना डावं बोट उचललं जायच्या आत उजवं पडतं. हे चांगल्या टायपिस्टचं लक्षण आहे, पण अनेक सेटिंगमध्ये फर्मवेअरला ते कंट्रोल धरल्यासारखं दिसतं. एका ओळखीच्या उपसंपादक मुलीने कुणाचा तरी छोटा कीबोर्ड ऑफिसात दोन दिवस वापरायला आणला होता. ‘तुम्हाला’ लिहिलं की कंट्रोल-यू, क्रोममध्ये पानाचा सोर्स कोड समोर. ‘रस्ता’ लिहिलं की कंट्रोल-एल, कर्सर थेट ॲड्रेस बारमध्ये आणि उरलेला शब्द तिकडे उमटलेला. ‘महाराष्ट्र’ला कंट्रोल-जे, डाउनलोडची यादी. ‘रत्नागिरी’ला कंट्रोल-व्ही, म्हणजे आधी कॉपी केलेली अख्खी बातमी शब्दाच्या मध्ये येऊन बसली! हे टाळायच्या नव्या सेटिंगही आहेत. त्यांतली एक लोकप्रिय सेटिंग एकाच हाताच्या दोन बटणांना अक्षरं मानते, म्हणजे ‘रत्नागिरी’ सुटेल. पण दोन हातांनी आळीपाळीने पडणारे ठोके ती कंट्रोलसाठी मोकळेच ठेवते, आणि इनस्क्रिप्टची सगळी रचनाच आळीपाळीची आहे.

कंट्रोलला स्वतःचं बटण असेल तर यातलं काही उद्भवत नाही. इनस्क्रिप्टवाल्यांनी ५८ च्या आसपास थांबावं असं मी म्हणते ते म्हणून. लिली५८ वर आतल्या बाजूला दोन जादा बटणं आहेत, तिथे चौकटी कंस, म्हणजे ड आणि ञ, बसतात. आकड्यांची ओळ जाग्यावर राहते. ॉ आणि ृ ला ५८ मध्येही कोपरा शोधावा लागतो, ते खोटं कशाला सांगू. टायपिंग क्लासमधून रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी, शिकून आलेल्यांना तर आकड्यांच्या ओळीशिवाय घ्यायला सांगूच नका.

‘आकडे लेयरवर उलट चांगले’

नुसते आकडे असतील तर हो, अगदी. नमपॅडसारखा लेयर बसवला की बेरजा भराभर जातात. अडतं ते मिसळलेल्या क्रमांकांत. जीएसटीचा १५ जागांचा नंबर घ्या: महाराष्ट्राचा २७, मग पॅनची पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, पुन्हा एक आकडा, झेड आणि शेवटी तपासणीचं चिन्ह. एका नंबरात लेयरमध्ये निदान तीनदा जा आणि तीनदा बाहेर या, वर कॅप्स लॉक सांभाळा. फोर्टातल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात बसणाऱ्याला दिवसाकाठी असे किती नंबर मारावे लागतात ते त्यालाच विचारा.

‘मुंबईच्या घरात आणि बॅगेत मावत नाही’

हे वाक्य ऐकायला पटतं, मोजायला गेलं की विरघळतं. कॉर्ने आणि लिली५८ या दोन्हींत सहा-सहा उभ्या रांगा आहेत. मुख्य फरक एका आडव्या ओळीचा, म्हणजे १९ मिलिमीटरचा. विरार फास्टमध्ये पुढे लटकवलेल्या बॅगेत १९ मिलिमीटर कुणाला कळत नाहीत. तिथे कळते ती जाडी. लो-प्रोफाइल स्विचचा ५८ बटणांचा कीबोर्ड उंच स्विचच्या ४२ वाल्यापेक्षा सहज आत सरकतो आणि गर्दीत त्याचे कीकॅपही कमी उपटतात. जमलं तर कडक डबी घ्या.

घरच्या टेबलाचं म्हणाल तर जागा खातं ते दोन भागांमधलं अंतर. ते छोट्यालाही लागतंच, नाहीतर स्प्लिट घेतला कशाला? उलट मधल्या मोकळ्या जागेत वही, चहा, लॅपटॉप काय हवं ते ठेवता येतं.

‘छोटा स्वस्त पडतो’

वाचतात ते सोळा स्विच आणि सोळा कीकॅप. दोन कंट्रोलर, दोन सर्किट बोर्ड, जोडणारी केबल, बाहेरून मागवलं तर शिपिंग आणि कस्टम, हे सगळं दोन्हींना लागतं. सोल्डरिंगचं सामान लॅमिंग्टन रोडवर मिळतं, त्याचा खर्चही दोन्हीकडे सारखाच. ऑडिओच्या पिनसारखी जोडकेबल असेल तर यूएसबी काढल्याशिवाय ती उपटू नका. शॉर्ट होऊन कंट्रोलर गेला तर वाचवलेले सगळे पैसे त्यात जातील.

‘मोठा घेणारे घाबरतात’

याला पुरावा म्हणून झेडएसए कंपनीचं उदाहरण दिलं जातं: आधी ७६ चा अर्गोडॉक्स ईझी, मग ७२ चा मूनलँडर, मग ५२ चा व्हॉयेजर. आकडे बरोबर आहेत. पण व्हॉयेजरमध्ये कमी काय झालं ते बघा. अंगठ्यांची बटणं प्रत्येकी दोनवर आणली, आतल्या आणि तळच्या रांगा काढल्या. आकड्यांची ओळ तशीच ठेवली!

भीतीचा प्रश्न असेल तर ५८ चा घेणाऱ्याला एक वाट मोकळी राहते. व्हायल किंवा व्हाया (बटणांची कामं बदलायची सॉफ्टवेअर) उघडायचं, आकड्यांची ओळ बंद करून टाकायची आणि महिनाभर ४२ वर जगून बघायचं. जमलं तर छान, नाही जमलं तर ओळ परत चालू. ४२ वाल्याला हा प्रयोग उलट्या दिशेने करता येत नाही.

आणि विकत घ्यायच्या आधी एक काम करा. या कीबोर्डांचे खऱ्या मापाचे आराखडे छापण्यासाठी मिळतात. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे ए४ वर १०० टक्के मापात प्रिंट काढा आणि ‘फिट टू पेज’ बंद करायला त्याला आठवणीने सांगा, नाहीतर माप चुकतं. कागदावर हात ठेवा, अंगठा न ताणता कुठे पडतो तिथे खूण करा. मग पेन घेऊन ड, ढ, ॉ, ृ, ॅ कुठे बसवणार ते त्या चौकोनांत लिहून काढा. जागा संपली तर एक ओळ जास्त असलेला आराखडा छापा.