‘बेड ग्राइंड न करता लेथ रिस्टोर होत नाही’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा जरा राग आला, खरं सांगतो. दुसऱ्यांदा वही घेऊन बसलो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो काका काय म्हणाले ते. मी साडेचार फुटी बटाला लेथ (जॉब, म्हणजे धातूचा तुकडा, फिरवत ठेवून टूलनं कापायचं यंत्र) भंगारातून आणून घरच्या शेडमध्ये चालू केला आणि त्यावर लेख लिहिला, त्यावर त्यांचं म्हणणं असं, की बेड (लेथचा खालचा बिडाचा सांगाडा, ज्यावर सगळं सरकतं) ग्राइंड केलाच नाही तर त्याला रिस्टोर म्हणू नका, रंग मारलाय म्हणा. दुसरं, बेडवर पॉलिश पेपर मारणं हा गुन्हा आहे. तिसरं, घरच्या सिंगल फेजवर ड्राइव्ह (सिंगल फेजवरून मोटरला थ्री फेज देणारा डबा) लावून लेथचं खेळणं केलंय, आणि एवढ्या पैशात नवा चायनीज मिनी लेथ आला असता. शेवटी "हौशी लोकांनी या भानगडीत पडू नये, मी ३२ वर्षं टर्नर होतो" असं. ३२ वर्षांपुढं माझी शनिवार-रविवारची चार वर्षं म्हणजे काहीच नाही, ते मान्य. पण बेडच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार आहे.

बेड झिजलाय हे मला माहितीय. चकच्या (जॉब पकडून फिरवतं ते) पुढं फूट-दीड फुटात सगळी कामं होतात, टूल घेऊन सरकणारं सॅडल तिथंच पुढं-मागं फिरतं आणि या जुन्या लेथचा बेड हार्डन केलेला नसतो, साधं बीड, त्यामुळं झिजणारच. मी ते नुसतं नखानं बघितलं नाही. टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) बेडच्या ज्या आतल्या व्ही आकाराच्या पट्टीवर बसतो ती फार झिजत नाही, म्हणून टेलस्टॉकच्या बुडावर मॅग्नेटिक स्टँड लावला, डायलचा (बारीक फरक मोजायचं घड्याळ) पॉइंटर सॅडलच्या पुढच्या व्हीवर टेकवला आणि टेलस्टॉक हातानं ढकलत चकपर्यंत आणला. चकजवळ पुढची व्ही ०.०५ मिमी खाली आहे, मागची बाजू जवळपास तशीच आहे. तुम्ही म्हणाल झालं, हेच तर मी सांगतोय.

आता हे ०.०५ जॉबवर किती दिसतं ते बघा. टूल नुसतं सरळ खाली गेलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. २५ मिमी रेडियसच्या जॉबवर टूल अगदी ०.१ मिमी खाली गेलं तरी रेडियसमध्ये फरक पडतो ०.०००२ मिमी, तो कुठल्या मायक्रोमीटरवर दिसणार? पण पुढची बाजू बसते आणि मागची बसत नाही तेव्हा सॅडल ऑपरेटरकडं झुकतं, आणि टूल जॉबपासून मागं सरतं. माझ्या लेथला सेंटर हाइट १५० मिमी, सॅडल ज्यावर सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमधलं अंतर धरा २००. म्हणजे ०.०५ गुणिले १५० भागिले २००, रेडियसवर ०.०३७ आणि डायावर ०.०७५. हा फरक चांगलाच आहे, लपवत नाही. मात्र ही सगळी झीज सॅडलच्या पूर्ण प्रवासात मिळून आहे, सॅडलच फूटभर लांब आहे, आणि माझे जॉब चार-सहा इंचाचे असतात. त्यात या ०.०७५ मधला थोडाच भाग येतो.

आणि यातली खरी मजा पुढं आहे. बेड असा झिजला असेल तर जॉब कुठं जाड यायला पाहिजे? चकजवळ, कारण तिथं टूल मागं सरतं. लेथ बसवला त्या दिवशी मी ३२ मिमीचा बार चकमधून १५० मिमी बाहेर काढला, टेलस्टॉकचा आधार न देता, दोन टोकांना दोन कॉलर (जाड कडी) ठेवून अगदी हलके कट घेतले. बाहेरची कॉलर ०.०७ नं जाड आली. बाहेरची! चकजवळची नाही. म्हणजे झिजेनं जे व्हायला पाहिजे त्याच्या बरोबर उलटं. बार वाकला म्हणावं तर कट इतके हलके होते की शेवटचे दोन तर टूल आणखी आत न घालता नुसते परत फिरवले, तरीही आकडा हलला नाही. मग मला दोन रात्री झोप नाही.

मिस्त्रींना बोलावलं (आमच्या उद्यमनगरातले, आता रिटायर, नाव टाकलेलं त्यांना आवडत नाही). ते आले, लेथकडं बघितलंच नाही, खाली वाकून पाय बघितले. म्हणाले, फरशी कुणी घातली? फरशी मीच घातली होती. चार बोल्ट कचकचून आवळले होते आणि टेलस्टॉककडच्या पुढच्या कोपऱ्यात फरशी खाली होती, बोल्टनं पाय खाली ओढला आणि बेडला पीळ बसला. ०.०२ मिमी प्रति मीटरचा उतार दाखवणारी लेव्हल एका दोस्ताच्या टूलरूममधून दोन दिवस मागून आणली, बेडवर आडवी ठेवली तर चककडं एक रीडिंग, टेलस्टॉककडं दुसरंच. त्या पुढच्या पायाखाली पितळी शिम (पातळ पत्रे) घालत गेलो. पाय वर गेला की सॅडल त्या टोकाला मागं कलतं, टूल जॉबमध्ये जातं, बाहेरची कॉलर बारीक होते. घालायची, कट घ्यायचा, मोजायचं, परत घालायची. तिसऱ्या शिमनंतर आकडा उलटला, चकजवळची कॉलर ०.०२ नं जाड. ही उरलेली आहे ती तुमची झीज काका. आधी ती दिसतच नव्हती कारण पिळानं तिला झाकून टाकलं होतं.

समजा मी लेथ आणल्या आणल्या बेड उचलून ग्राइंडिंगला पाठवला असता, तर? परत आणून त्याच फरशीवर तसाच आवळला असता, आणि जॉब पुन्हा बिघडलेलाच आला असता. शिवाय ग्राइंडिंग म्हणजे नुसतं ग्राइंडिंग नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. समजा ०.३ काढले तर सॅडल तेवढं खाली येतं, त्याच्या पुढचा एप्रन खाली येतो, त्यातला हाफ नट लीड स्क्रूला (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) तिरका लागतो, सॅडल हातानं सरकवायच्या रॅक आणि पिनियनचं अंतर बदलतं. मग लीड स्क्रूचे ब्रॅकेट खाली घ्या नाहीतर सॅडलच्या खाली टर्साइट (प्लास्टिकची पट्टी) चिकटवून ती खरडून बसवा. हेडस्टॉकची (चककडचा डोक्याचा भाग) बैठक ग्राइंड नाही झाली तर टेलस्टॉकचं सेंटर आणखी खाली, वेगळंच. कारखान्यात हे करतात, केलंच पाहिजे, दोन शिफ्टमध्ये चालणाऱ्या मशीनला दुसरा इलाज नाही. माझ्या शेडमध्ये महिन्याला दहा बुश आणि चार पुल्या होतात. लांब शाफ्ट, ४०० मिमीच्या वर, मी घेत नाही, कुणी आणला तर उद्यमनगरात पाठवतो. एवढी मर्यादा मला चालते.

बेडपेक्षा जास्त त्रास स्पिंडलनं (चक ज्यावर बसतं तो फिरणारा दांडा) दिला होता, त्यावर मागच्या वेळी दोनच ओळी लिहिल्या ही चूक माझी. चकमध्ये लाकडी दांडकं धरून वर उचललं तर डायल ०.०९ दाखवत होता. हेडस्टॉकला स्पिंडल ज्यात फिरतो ते गनमेटलचे दुभागलेले बुश आहेत, वर कॅप आणि मध्ये शिम. पातळ शिम एकेक काढत ०.०३ वर आणलं, अर्धा तास चालवून बुशला हात लावून बघितला, कोमट होता. त्याच दिवशी जॉबवरची चॅटरची (टूल थरथरल्याची) नक्षी गेली. क्रॉस स्लाइडची (टूल आत-बाहेर सरकवणारा भाग) गिब, म्हणजे ढिलेपणा घालवायची पट्टी, मिस्त्रींनी शेंदूर आणि तेल लावून, रंग लागेल तिथं खरडून बसवली. मार्किंग ब्लू आणली होती पण त्यांना शेंदूरच लागतो. (शेंदूर म्हणजे शिसं, हात धुतल्याशिवाय चहाला हात लावू दिला नाही मी त्यांना, ते हसत होते.)

पॉलिश पेपर. इथं तुम्ही बरोबर आणि मी चूक. फोटोत बेडवर ४०० चा पेपर दिसतोय तो माझाच हात आहे. गंज जायची घाई झाली होती. पेपरची पूड बिडात रुतते आणि नंतर सॅडलच्या खाली लॅपिंग करत बसते. नंतर मी डिझेलनं तीनदा धुतलं, वायपर फेल्ट बदलले, पण सपाट ऑइल स्टोन हातात होता, तोच आधी घ्यायचा होता. सुटे पार्ट मी धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जरनं साफ केले, त्याबद्दल तुम्ही काही म्हणाला नाहीत म्हणून मीच सांगतो, कुणी करणार असेल तर ॲनोडला साधं लोखंड लावा, स्टेनलेस नको, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि उघड्यावर करा.

ड्राइव्हला खेळणं का म्हणता ते कळलं नाही. मोटर १ एचपी, ४१५ व्होल्ट स्टार. टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायरी होत्या, पत्त्या बदलून डेल्टा केली, आता ती २३० व्होल्ट थ्री फेजवर चालते आणि ड्राइव्ह घरच्या सिंगल फेजवरून तेवढं देतो. जुना ड्रम स्विच काढला कारण ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये चालू लोडवर स्विच खटकन फिरवला तर ड्राइव्ह जातो. फॉरवर्ड-रिव्हर्स आता ड्राइव्हच्या कंट्रोल वायरवर आहे. तुमच्या बोलण्यात एक धोका मात्र खरा आहे, तो मी लिहिलाच नव्हता: चक आटे असलेल्या स्पिंडलवर आहे, ड्राइव्हनं झटक्यात ब्रेक मारला तर चक सुटून अंगावर येऊ शकतं. थांबायचा वेळ मी ६ सेकंद ठेवलाय, रिव्हर्समध्ये कट घेत नाही.

पैशाचं म्हणाल तर लेथ ३१ हजार, टेम्पो आणि चार माणसं ४, ड्राइव्ह ९, बाकी किरकोळ धरून ५२ पर्यंत गेलो. भंगारवाल्याच्या काट्यावर ४६० किलो भरला. मिनी लेथ असतो ४० किलोच्या आसपास, त्यावर १५० मिमीच्या बिडाच्या पुलीला कट घेऊन दाखवा, मग बोलू. छोट्या कामाला तो छानच आहे, मला ते काम नाही इतकंच.

"रिस्टोर" या शब्दावर मात्र तुम्ही जिंकलात. लेखाचं नाव आजच बदललंय, ‘लेथ चालू केला’ असं केलंय. पेपरवाला फोटो काढला नाही, त्याच्या खाली तुमचं वाक्य तसंच्या तसं टाकलंय, आणि कॉलर टेस्टच्या तिन्ही वेळच्या रीडिंगचा वहीतला फोटोही जोडलाय. ते आकडे तपासून बघा, तिसऱ्या शिमच्या जागी मी चुकीचा पाय तर लिहिला नाही ना, मला स्वतःलाच अक्षर लागत नाहीये.