‘एसजीपीटी उतरलं, आता तपासण्या बंद’ हे मुलांच्या बाबतीत धोक्याचं का आहे

‘मुलांची कावीळ आठ दिवसांत आपोआप जाते. एसजीपीटी खाली आलं की तपासण्या बंद करा. कावीळ उलटली तर पथ्य मोडलं समजा. स्निग्ध पदार्थ पूर्ण बंद. डोळे पिवळे नसतील तर कावीळ नाहीच.’ हा मेसेज आता ज्या घरांत मूल खरोखर आजारी आहे, तिथूनच मला ‘हे बरोबर आहे का?’ म्हणून येतोय. बरोबर नाही. आणि त्यातलं दुसरं वाक्य तर जिवावर बेतणारं आहे.

एसजीपीटी हे एन्झाइम यकृताच्या पेशींत असतं आणि पेशी फुटल्या की रक्तात येतं. ते पेशींची नासधूस दाखवतं, उरलेलं यकृत काम करतंय की नाही हे दाखवत नाही. बहुतेक मुलांत पेशी सावरतात म्हणून आकडा उतरतो. मोजक्या मुलांत फुटायला पेशीच उरत नाहीत, तेव्हाही तो उतरतो. समजा, एसजीपीटी ३००० वरून ४०० वर आलं, पण बिलिरुबिन (कावीळीत अंग पिवळं करणारं द्रव्य) चढतंय आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, जास्त म्हणजे उशीर) १.३ वरून २.२ झालाय. याला बरं होणं म्हणत नाहीत, हे यकृत बंद पडत चाललंय. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतच बनवतं आणि त्यातले काही जेमतेम काही तास टिकतात, म्हणून बिघाड आयएनआरमध्ये लवकर दिसतो.

आयएनआर वाढला की आधी व्हिटॅमिन के इंजेक्शनने द्यायचं आणि ६ ते ८ तासांनी पुन्हा तपासायचं. सुधारला तर पित्त आतड्यात न पोचल्याने व्हिटॅमिन के कमी पडलं होतं. नाही सुधारला, तर मुलांमधल्या तीव्र यकृत-निकामीपणावर काम करणाऱ्या पीएएलएफ स्टडी ग्रुपची व्याख्या स्पष्ट आहे: मेंदूवर परिणाम असेल तर १.५ आणि नसला तरी २ किंवा जास्त आयएनआर म्हणजे यकृत निकामी होतंय. अशा मुलाला त्याच दिवशी प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी हलवायचं. रक्तस्राव नसताना नुसता आकडा सुधारायला प्लाझ्मा (दात्याच्या रक्तातला गोठवणारे घटक असलेला द्रव) चढवू नये. आयएनआर खोटा उतरतो आणि खरी अवस्था झाकली जाते. मेंदूवरचा परिणाम म्हणजे थेट बेशुद्धीच असं नाही. दिवसा झोप आणि रात्री जाग, विनाकारण चिडणं, असंबद्ध बोलणं. तान्ह्या बाळात तर फक्त न थांबणारं रडणं आणि दूध नाकारणं. रक्तातली साखरही याच वेळी घसरते, ती वारंवार पाहावी लागते.

‘आपोआप बरी’ यात तथ्य आहे, हे मान्य. मुलांच्या कावीळीमागे बहुधा असणाऱ्या हेपेटायटिस ए या विषाणूजन्य आजारावर विषाणू मारणारं औषध नाही आणि बहुतेक मुलं विश्रांतीवर बरी होतात. पण आठ दिवसांचा हिशेब कुणी ठरवला? पित्त अडून राहणाऱ्या प्रकारात पिवळेपणा तीन महिन्यांहून जास्त राहू शकतो. खाज प्रचंड, शौच फिकट, एसजीपीटी मात्र फार नाही. पित्तनलिकेत अडथळा नाही ना, हे सोनोग्राफीने पाहून घ्यावं. हा प्रकारही पूर्ण बरा होतो.

पथ्य मोडल्याचा आरोप बहुधा आईवर येतो, आणि तो साफ खोटा आहे. हेपेटायटिस ए मुळातच काही रुग्णांत उलटतो. सारं प्रकरण सहा महिन्यांपर्यंत चालू शकतं. त्या काळात विषाणू पुन्हा शौचातून बाहेर पडतो, म्हणून हात धुण्याची शिस्त पुन्हा तितकीच कडक हवी. मात्र ‘उलटली’ म्हणून स्वस्थही बसू नये. ऑटोइम्यून हेपेटायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते तो आजार) आणि विल्सन आजार (शरीरात तांबं साठत जातं तो) अशाच रूपात येतात. पहिल्यासाठी रक्तातलं आयजीजी आणि ऑटोअँटिबॉडी, दुसऱ्यासाठी सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं तपासून घ्यावं.

स्निग्ध पदार्थ बंद करायची गरज नाही. भूक मेलेल्या मुलाच्या उष्मांकांवरच त्याने घाला पडतो.

राहिले डोळे. सहा वर्षांखालच्या बहुसंख्य मुलांत हेपेटायटिस ए ची कावीळ दिसतच नाही, तरी ती इतरांना लागण देतात. हेपेटायटिस बी कधी फक्त गाल, हातपाय आणि कुल्ल्यांवर बारीक, टणक पुरळ घेऊन येतो आणि डोळे पांढरेच राहतात. असं पुरळ आठवड्यांनंतरही जात नसेल, तर मलमं बदलत बसण्याआधी मुलाचं एसजीपीटी आणि एचबीएसएजी (हेपेटायटिस बी ओळखायची रक्ततपासणी) तपासा, आणि आईचंही एचबीएसएजी.