डॉबरमनचं हृदय आणि केमोचं लाल औषध

ताई, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. लिम्फोमावरच्या, म्हणजे कुत्र्यांच्या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरवरच्या, लेखात मी केमोचे गोडवे गायले आणि हृदयाचा धोका एका ओळीत उरकला, असं तुमचं म्हणणं. तुमच्या भावाचा डॉबरमन केमो संपल्यावर काही महिन्यांनी हार्ट फेल होऊन गेला, म्हणून ‘हे विष कुठल्याच कुत्र्याला देऊ नका’. त्या घरावर काय गुदरलं असेल ते मी समजू शकतो. पण ‘कुठल्याच’ हा शब्द मला मान्य नाही.

नेहमीच्या चार औषधांपैकी हृदयाला मुख्यतः बाधतं ते एकच, लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन. हृदयाच्या स्नायूपेशी मेल्या की त्यांची जागा घ्यायला नव्या जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे प्रत्येक डोसची झीज आधीच्या झिजेत जमा होते. मध्यम-मोठ्या कुत्र्याला एका वेळी शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 30 मिलिग्रॅम देतात. लिम्फोमात बहुधा असे 4 डोस होतात, म्हणजे एकूण 120. धोका ठळकपणे वाढतो तो 180 ते 240च्या घरात. निरोगी हृदयाच्या कुत्र्याला एवढी सवड असते.

डॉबरमनला ती असेलच असं नाही. हृदय फुगून ढिलं पडण्याचा आजार, डीसीएम, या जातीच्या रक्तातच आहे, आणि तो वर्षानुवर्षं काही दाखवत नाही. कुत्रा धावतो, खातो, बॉल आणून देतो. औषधाने बिघडलेलं हृदय आणि जातीच्या आजाराने बिघडलेलं हृदय इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, जवळपास सारखंच दिसतं. तेव्हा भावाच्या कुत्र्याला नक्की कशाने नेलं, हे आता तुम्ही सांगू शकणार नाही आणि मीही नाही.

‘इको म्हणजे बिल फुगवणं’ हे तुमचं वाक्य गावठी कुत्र्याबाबत मी फार ताणणार नाही. स्टेथोस्कोपवर सगळं ठीक असेल, तर तिथे इकोने निर्णय क्वचितच बदलतो. डॉबरमन, बॉक्सर, ग्रेट डेन असेल तर मात्र पहिल्या डोसआधी इको आणि ईसीजी हवाच, जमलं तर 24 तासांचं होल्टरही, म्हणजे अंगावर बांधून दिवसभर चालणारा ईसीजी. बिघाड दिसला तर डॉक्सोरुबिसिनऐवजी मायटोझॅन्ट्रोन वापरता येतं. इको नॉर्मल आला म्हणजे हमी मिळाली असं नाही, हेही खरं.

‘शांतपणे जाऊ द्यावं’ हा पर्याय मी कधीच चूक म्हणणार नाही. फक्त त्याचा हिशेब माहीत असावा. उपचाराशिवाय लिम्फोमाचा कुत्रा बहुधा 4 ते 6 आठवडे काढतो, पूर्ण केमोने बऱ्याच जणांना वर्षाच्या आसपास मिळतं. आणि त्यातला बराच काळ तो घरात मजेत असतो.

ज्यांच्या घरी सध्या केमो चालू आहे त्यांनी कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटभर श्वास मोजावेत. आकडा सतत 30च्या वर जात असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. शेवटचा डोस झाल्यावरही हे मोजणं कित्येक महिने सोडू नका, कारण हा त्रास उशिरानेही उगवतो.