चाळीस रुपये आणि बावीस मिनिटं

माझी मामेबहीण गिरगावात राहते, नोकरी बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली, तशी पहिल्याच आठवड्यात बाईसाहेब त्यातून ऑफिसला गेल्या आणि इथे चार ओळी लिहिल्या. गाडी गारेगार, स्टेशनं चकाचक, साडीची इस्त्री न मोडता पोचले वगैरे. शेवटी एकच वाक्य होतं, 'फक्त खाली फोनला रेंज नाही हो.'

झालं. त्या एका वाक्यावर लोक तुटून पडले. 'एवढं मिळालं तरी रड आहेच.' 'यांना लोकलला लोंबकळायचीच सवय.' एका काकांनी तर तिला देशाबद्दल अभिमान आहे का, हेच विचारलं. रेंजवरून! रात्री तिने पोस्ट उडवली. मी फोन करून तिला म्हटलं, उडवायची नव्हतीस गं. ती म्हणाली, ताई, जाऊ दे, कोण वाद घालत बसणार.

मग तिच्या वाटचा वाद मी घालते.

आम्ही तळोजेकर या सगळ्यातून २०२३ मध्येच गेलोय. नवी मुंबईची मेट्रो, बेलापूर ते पेंधर, ११.१ किलोमीटर, ११ स्टेशनं. मुंबईतल्या निम्म्या लोकांना ती आहे हेच माहीत नाही, आणि त्यांना दोष कसा देणार? भूमिपूजन १ मे २०११ ला, गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. मधे साडेबारा वर्षं. स्टेशनं बांधणारे कंत्राटदार मध्येच बदलावे लागले, अखेर नागपूर-पुण्याची मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रोला हाताशी घेतलं तेव्हा कुठे काम मार्गी लागलं. एवढ्या वेळात आमच्याकडे आधी खांब आले, मग खांबांवर क्लासेसच्या जाहिराती, मग जाहिरातींच्या वर पिंपळाची रोपं.

आम्ही फ्लॅट घेतला २०१३ साली. बिल्डरचं नाव लिहीत नाही, तसाही तो आता फोन उचलत नाही. ब्रोशरच्या पहिल्याच पानावर निळीशार मेट्रो, खिडकीत हसरं कुटुंब, आणि खाली 'नियोजित मेट्रो स्थानक फक्त ५ मिनिटांवर'. पाच मिनिटं कशाने, हे लिहिलेलं नव्हतं. मला चालत बावीस लागतात. पावसाळ्यात सत्तावीस, कारण मधला रस्ता नाल्याचं काम करतो. लेक तेव्हा एक वर्षाची होती. पुढे स्कूटरवर पुढे उभी राहून ती खांब मोजायला शिकली. आमच्या घरात शंभरपर्यंतचे आकडे अंकलिपीवर नाही, मेट्रोच्या खांबांवर घोकले गेलेत. पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा अकरा वर्षांची होती आणि हातात फोन होता, खांबांशी काही देणंघेणं उरलं नव्हतं.

सुरू झाली तो दिवस मात्र खरंच छान होता, हे कबूल करायला हवं. भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले, शुक्रवार. त्याआधी काही महिने परवानग्या मिळूनही गाडी तशीच उभी होती. उद्घाटनाच्या तारखा कानावर यायच्या आणि विरून जायच्या. शेवटी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की सोहळ्यासाठी थांबू नका, सुरू करा. दुपारी तीनला पहिली गाडी सुटली. फीत नाही, मांडव नाही, भाषण नाही. त्यावरही लोक हळहळलेच, की एवढी वाट पाहिली आणि साधा नारळ नाही फोडला. मला विचाराल तर अख्ख्या प्रकल्पातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच होती. मांडवासाठी आणखी तीन महिने थांबलो असतो तर त्या तीन महिन्यांचं रिक्षाभाडं कोणी दिलं असतं?

मी ऑफिस सुटल्यावर बेलापूरला चढले. डब्यात जत्रा. कोणी फराळाचे डबे घेऊन, कोणी आजोबांना आधार देत, पोरं दांड्यांना लटकलेली. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, नऊवारी, नाकात चमकी, सोबत नातू. आरबीआय कॉलनी गेलं, बेलपाडा गेलं, तोवर त्या गप्प. उत्सव चौकाचं वर्तुळ वरून दिसलं तेव्हा नातू ओरडला, पण आजी हलल्या नाहीत. सेंट्रल पार्क ओलांडून गाडी पेठपाड्याकडे निघाली तशा त्या काचेला नाक लावून खाली बघायला लागल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बाय, ह्या सगला आमचा भाताचा शेत व्हता." खाली वीस-वीस मजली टॉवर. मी काय बोलणार? नुसती मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तिकिट किती?" चाळीस म्हटल्यावर त्यांनी जीभ चावली. "चालीस? एका टायमाचे?"

आमच्या मेट्रोवरची सगळ्यात नेमकी प्रतिक्रिया तीच होती. जमीन यांची गेली, स्टेशनांना नावं यांच्या पाड्यांची लागली, आणि तिकीट परवडेना. पण ती कुठे पेपरात आली नाही. पेपरात आले सेल्फी.

कारण पहिल्या आठवड्यात बोलत होते ते बहुतेक हौशे-नवशे. खारघरला ज्यांच्याकडे दोन गाड्या आहेत, तेही मुलांना घेऊन एक चक्कर मारून गेले, डोंगर दिसतो, गोल्फ कोर्स दिसतं, काय क्लास आहे. (रविवारी वर्ल्ड कपची फायनल होती म्हणून जरा उसंत मिळाली. ती संध्याकाळ कशी गेली ते नको आठवायला.) आणि त्याच लोकांनी नंतर आम्हाला ऐकवलं की तुम्ही तळोज्याचे लोक किरकिरे. सोसायटीच्या ग्रुपवर मी भाड्याबद्दल लिहिलं तर एका दादांनी उत्तर दिलं, "ताई, एसी आहे ना, मग एसीचे पैसे द्या." दादा स्वतः ऑफिसला कारने जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की कौतुक करणारे एकदा बसले होते आणि तक्रार करणारे रोज बसतात. मग दोघांच्या बोलण्याला सारखंच वजन कसं?

तेव्हाचा हिशोबच बघा. पेंधर ते बेलापूर जायचे चाळीस, यायचे चाळीस. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दोन हजार. त्यात घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा नाही. पुढे कोणाला बेलापूरहून वाशी-कुर्ला गाठायचं असेल तर लोकलचा पास वेगळा. पगार पंधरा हजार असलेल्या पोरीने काय करायचं? तिने केलं तेच. दोन दिवस मेट्रोने गेली, तिसऱ्या दिवशी परत शेअर रिक्षात चौथी सीट. गाड्या दुपारच्या वेळी रिकाम्या धावायच्या, एका डब्यात मी आणि एक झोपलेला डिलिव्हरी बॉय असं कितीदा झालंय.

आणि मग काय झालं? सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपतीत, सिडकोने, म्हणजे ही मेट्रो ज्यांची आहे त्या सरकारी कंपनीने, भाडं उतरवलं. पूर्ण प्रवासाचे चाळीसचे तीस झाले. महिन्याला पाचशे रुपये वाचले. प्रवासी वाढावेत म्हणून केलं असं त्यांनी सांगितलं, बरोबरच आहे. पण प्रवासी का येत नाहीत हे बोलत कोण होतं? तेच किरकिरे. सुरुवातीला गाडी दर पंधरा मिनिटांनी होती, एक चुकली की घामाची आंघोळ. त्यावरही ओरड झाली, आणि गर्दीच्या वेळी फेऱ्या वाढल्या. 'वा वा, काय क्लास आहे' असं म्हणणाऱ्यांमुळे यातलं काहीच झालं नसतं.

एक गोष्ट मात्र ओरडूनही बदलणार नाही, कारण ती सिमेंटमध्ये ओतलेली आहे. ही मेट्रो खारघरभर फिरते आणि खारघर रेल्वे स्टेशनला शिवत नाही. नकाशा काढून बघा, खोटं वाटेल. बाहेरचा पाहुणा हमखास विचारतो, मग खारघर स्टेशनला उतरून मेट्रो पकडू ना? नाही हो, बेलापूरला उतरा. लोकलशी हिची भेट फक्त तिथेच. दुसरं टोक पेंधरला हवेत संपतं, पुढचे मार्ग कागदावर.

हे किती महागात पडतं ते २०१४ सालीच मुंबईत दिसलं होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत चेंबूर-वडाळा मोनोरेल सुरू झाली आणि जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो. मेट्रो लांबीला आमच्याएवढीच, ११.४ किलोमीटर. पण ती अंधेरीला पश्चिम रेल्वेला भेटते आणि घाटकोपरला मध्य रेल्वेला, म्हणून पहिल्या दिवसापासून खच्चून भरली. मोनोलाही पहिल्या दिवशी लोकांनी रांगा लावल्या होत्या, पोरांना दाखवायला. हौस फिटली आणि गाड्या ओस पडल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तर ती दुरुस्तीसाठी बंदच करावी लागली. पहिल्या दिवसाची रांग बघून कशाला यशस्वी म्हणायचं नाही, एवढं तरी आपण त्यातून शिकायला हवं होतं.

मी मेट्रोच्या विरोधात आहे असं कोणी म्हणायच्या आत सांगते, मी रोज तिनेच जाते. सकाळी पेंधरला गाडी रिकामी मिळते, खिडकी मिळते, मी उजव्या बाजूला बसते कारण पावसाळ्यात डोंगरावरून पाणी उतरताना दिसतं. खारघर गाव येईपर्यंत चहाचा थर्मास संपतो. खड्डे नाहीत, सिग्नल नाही, तळोज्याच्या कंपन्यांचा तो वास काचेच्या बाहेर राहतो. सासऱ्यांना गुडघ्यामुळे लोकल झेपत नव्हती, ते आता एकटे बेलापूरला मित्राकडे पत्ते खेळायला जातात आणि हरून येतात. माझ्या आयुष्यातला दिवसाचा पाऊण तास तिने परत दिलाय. म्हणून तर बोलते. आवडती भाजी अळणी झाली की आपण सांगतोच ना, का 'अन्नाला नावं ठेवू नये' म्हणून गिळत राहतो?

तेव्हा मामेबहिणीला सांगणं एवढंच, की पोस्ट परत टाक. रेंज नाही असं लिही, मोठ्या अक्षरात. ते काका परत येतील, त्यांना विचार, तुम्ही शेवटचे मेट्रोत कधी बसलात?

आणि जाता जाता कामाचं. आमच्या बाजूने पेंधर स्टेशनला सकाळी साडेआठला शेअर रिक्षा ठरवतोय. मी आणि दुसऱ्या विंगमधल्या एक काकू, दोघी आहोत. रिक्षावाला म्हणतो तीन असतील तरच येईन, रोजचा. त्या बावीस मिनिटांना कंटाळलेलं कोणी असेल तर खाली लिहा. मागची मधली सीट काकूंना नको, त्यांना बाजूची लागते.