आधी किंमत ठरवा, मग पेन्सिल उचला

सकाळपासून टाइमलाइनवर एकच फोटो फिरतोय. नवं मराठी कॉमिक, १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम) आर्ट पेपर, मॅट लॅमिनेशनचं कव्हर, किंमत ३५० रुपये. खाली सगळ्यांचं "मराठी कॉमिक्सचे दिवस परत आले!" कुणाचे आले? चित्रं सुरेख आहेत, त्याबद्दल वाकडा शब्द काढणार नाही. पण डोकं फिरलंय.

दुपारी एसटी स्टँडवरच्या पेपर स्टॉलवर याच कॉमिकची एक प्रत होती. आजोबांबरोबर आलेल्या एका पोराने ती उचलली, उलटी केली, किंमत वाचली आणि आतलं एकही पान न बघता ठेवून दिली. मग २० रुपयांचं शब्दकोड्यांचं पुस्तक घेतलं. ते पुस्तक न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर छापलेलं होतं, एका रंगात. पोराचं काही अडलं का?

आता न्यूजप्रिंटवर २० रुपयांतच कॉमिक काढायचं तर हिशेब बघा. दैनिकं छापतात त्या रोटरी प्रेसवर ७० सेंमी रुंद कागदाचं रीळ लावलं की एका रिळातून ब्रॉडशीटची, म्हणजे दैनिकाच्या मापाची चार पानं निघतात. क्वार्टर फोल्ड केलं, म्हणजे दर मोठ्या पानाचे घडीने चार भाग केले, की त्याचीच १६ पानं होतात, साधारण २७ बाय १७.५ सेंमीची. तीन रिळं म्हणजे ४८ पानं. म्हणून पानं १६ च्या पटीत ठेवायची. कथा ५२ पानांची झाली तर चार पानं कापा, त्यासाठी चौथं रीळ लावू नका. ४५ जीएसएमवर या ४८ पानांचं वजन ५०-५२ ग्रॅम भरतं, १३० च्या आर्ट पेपरवर दीडशे. वेस्टेज १० टक्के आणि कागद किलोला ६० रुपये धरला तर प्रतीमागे कागद पडतो साडेतीन रुपयांना. प्लेटा, छपाई, पिना, कटिंग मिळून तेवढेच अजून. झाले सात.

२० रुपयांतले ८ एजन्सी आणि स्टॉलवाल्याचे. चारातली एक प्रत परत येणार, हे आधीच धरून चाला. म्हणजे छापलेल्या प्रतीमागे हातात ९ रुपये, खर्च जाऊन २. वीस हजार प्रतींवर ४०,००० उरले. पानाला आठशे-साडेआठशे, त्यात लेखक, चित्रकार, अक्षरं करणारा सगळे आले. थोडे आहेत, मान्य. मागच्या कव्हरची जाहिरात मिळाली तर जरा बरं. पण ३५० च्या पुस्तकाच्या पाचशे प्रती छापून चित्रकाराला काय हातात पडतं, तेही जाहीर सांगा ना!

आणि हो, दोन-तीन हजार प्रतींसाठी रोटरी परवडत नाही. मशीन सेट होईपर्यंतच शेकडो प्रती रद्दीत जातात. तेवढंच छापायचं असेल तर माझं म्हणणं सोडून द्या.

मला राग किमतीचा कमी आणि "न्यूजप्रिंटवर चित्रं खराब येतात" या वाक्याचा जास्त येतो. खराब येतात, कारण ती न्यूजप्रिंटसाठी काढलेलीच नसतात. दैनिकांच्या मशीनवरची कोल्डसेट शाई उष्णतेने वाळत नाही, कागदात जिरते. जिरताना पसरते. छपाईत करडा म्हणजे काळे ठिपकेच; स्क्रीनवर ५० टक्के दिसणारा करडा छापून ७५ च्या आसपास जातो. ५ च्या खालचा ठिपका उडतो, ८५ च्या वरचा भरून काळा होतो. मग टॅबलेटवर बारा छटांत रंगवलेली रात्र डांबरासारखी उठते आणि दोष कागदाला! तीन छटा पुरेत: १०, २५, ४५. रात्र दाखवायची तर रेघा मारा. पानभर काळा भरलात तर ४५ जीएसएममधून तो मागच्या पानावर दिसतो, समोरच्या पानालाही लागतो. रेघ ०.३ मिमीहून बारीक नको. लाइन आर्ट, म्हणजे रेघांचं चित्र, १२०० डीपीआय बिटमॅप (नुसतं काळं-पांढरं, मधली छटा नाही) करून द्या. ग्रेस्केल दिलंत की रेघेलाही ठिपके पडतात आणि कडा करवतीच्या पात्यासारखी होते.

अक्षरांकडे तर कुणी बघतच नाही. इंग्रजी कॉमिकच्या मापाने संवादांचे फुगे काढायचे आणि मग त्यात "दुर्दैवाने" कोंबायचं. आपल्याला वर रफार-मात्रा, खाली उकार. दोन ओळींत जास्तीची जागा लागतेच. १० पॉइंटच्या खाली गेलात की अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो आणि 'द्ध'चं पोट बुजतं. काळ्यावर पांढरी अक्षरं हवीच असतील तर १२ पॉइंट, ठसठशीत. छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी, मजकूर फक्त काळ्या प्लेटवर. चार रंगांचा काळा चुकून राहिला आणि प्लेटा पाव मिलिमीटर सरकल्या, तर त्या स्टँडवरच्या पोराला प्रत्येक शब्द दोनदा दिसेल. फुगे आधी मांडा, शाई नंतर.

मोबाइलवर वाढलेल्या पोरांना रंग हवा असतो, हे खरं आहे. मग कव्हरला द्या, आत एक जादा रंग द्या. तीन रिळांची ब्रॉडशीटची १२ पानं, म्हणजे एका रंगात १२ प्लेटा; चार रंगांत त्यांच्या ४८ होतात, एवढं लक्षात असू द्या. कागद पिवळा पडतो, हेही खरं. पडू दे. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघालं, मराठीतही, आणि ते जपून ठेवणारे आज त्याच पिवळ्या पानांचे फोटो टाकतात. जपानचं कॉमिक्सचं साप्ताहिक 'शोनेन जंप' खडबडीत, पुनर्वापराच्या कागदावर निघतं. नव्वदीच्या मध्यात त्याचा खप आठवड्याला ६५ लाखांवर होता.

असो. फार चिडून लिहिलं. ते कॉमिक काढणाऱ्या मुलांनी खिशातले पैसे घातलेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. उलट त्यांनीच हे करावं असं वाटतं, कारण हात चांगला आहे. त्या पोराने पान उघडलं असतं तर प्रत खाली ठेवली नसती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तर पोरांनो, दैनिकांच्या मशिनी पहाटेनंतर रिकाम्या असतात, दुपारी जाऊन बोला. पहिला प्रश्न दराचा नको, कट-ऑफ विचारा, म्हणजे मशीन रिळाचा कागद किती लांबीवर कापतं ते. ५४६ मिमी असेल तर घडीनंतर पानाची उंची २७३ मिमी, ५७८ असेल तर २८९. मोठ्या मापाला काढलेली पानं छोट्या मशीनवर गेली की सगळं साडेपाच टक्क्यांनी आक्रसतं, १० पॉइंटचं अक्षर साडेनऊच्या खाली येतं. कडेपासून १० मिमी आत चौकट आखा, कटिंगवाला तीन-चार मिमी खातोच. आणि पावसाळ्यात छापणार असाल तर रिळं जमिनीवर ठेवू देऊ नका. ओल धरलेलं रीळ मशीनवर तुटतं आणि ते वेस्टेज तुमच्याच बिलात लागतं.