एमआरएनए केंद्रकातून 'आपोआप' बाहेर पडत नाही, यीस्टमध्येसुद्धा

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये चार ओळींचा एक मजकूर कायम फिरत असतो. सोबत आकृती: गोल केंद्रक, त्याला भोकं, भोकातून डोकावणारी एक नागमोडी रेघ. मजकूर एमआरएनएबद्दल, म्हणजे जनुकाची नक्कल होऊन प्रथिन बनवण्याचा निरोप पेशीच्या केंद्रकातून बाहेर नेणाऱ्या रेणूबद्दल. तो साधारण असा: 'एमआरएनए तयार झाला की केंद्रकाच्या छिद्रांतून आपोआप पेशीद्रवात जातो. यीस्टमध्ये इंट्रॉन नसल्यामुळे काटछाटीचीही भानगड नाही. लागेल ती ऊर्जा प्रथिनांच्या ने-आणीसारखीच रॅन-जीटीपीकडून मिळते. तपासणी काय व्हायची ती बाहेर, रायबोसोमवर.' वाचायला सुटसुटीत, पाठ करायला त्याहून सोपं. पण चारही वाक्यं कमीअधिक चुकीची आहेत, आणि पहिलं तर तिसऱ्याशीच भांडतं. आपोआप जात असेल तर ऊर्जा कशाला?

'आपोआप'पासूनच सुरू करतो, कारण सगळा घोळ तिथला आहे. केंद्रकरंध्र म्हणजे भिंतीला पडलेलं भोक नव्हे. यीस्टमध्ये सुमारे ३० प्रकारची प्रथिनं, प्रत्येकाच्या अनेक प्रती, अशी मिळून आठ पाकळ्यांची ही रचना उभी राहते. तिच्या मधल्या पोकळीत फेनिलअ‍ॅलानिन आणि ग्लायसिन या जोडीची पुनरावृत्ती असलेले प्रथिनांचे सैल धागे भरलेले असतात. साधारण ४० किलोडाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) रेणू त्यातून सहज सरकतात, त्यापुढे वाट झपाट्याने बिकट होते. आता हिशोब करा. एका न्यूक्लिओटाइडचं, म्हणजे आरएनएच्या साखळीतल्या एका कडीचं, वजन सरासरी ३३० डाल्टन धरलं, तर १,००० न्यूक्लिओटाइडचा अगदी मध्यम एमआरएनए ३३० किलोडाल्टनचा झाला. त्यावर चिकटलेली प्रथिनं वेगळीच. हा ऐवज झिरपून जाणार नाही. बरं, यीस्टमध्ये पेशी विभागतानाही केंद्रकाचं आवरण फुटत नाही, म्हणजे दुसरी वाटच नाही.

वाट कोण काढून देतं? मेक्स६७ आणि एमटीआर२ ही प्रथिनांची जोडी. तिला त्या धाग्यांशी तात्पुरतं चिकटता येतं, म्हणून तिच्या जोरावर एमआरएनए रंध्रातून जाऊ शकतो. (मेक्स६७ मधला ६७ हा आकडा म्हणजे त्या प्रथिनाचं किलोडाल्टनमधलं वजन. यीस्टवाल्यांची नावं ठेवण्याची पद्धत अशीच रोखठोक.) याचा पुरावा डोळ्यांनी बघता येतो. मेक्स६७ चा एक उत्परिवर्तित प्रकार २५ अंशांवर ठीक चालतो आणि ३७ अंशांवर कोलमडतो. अशा पेशी घ्यायच्या, काही मिनिटं ३७ अंशांवर ठेवायच्या आणि एमआरएनएच्या शेवटच्या ए-शेपटीला चिकटणारा चमकणारा शोधक सोडायचा. निरोगी पेशीत चमक पेशीद्रवभर पसरलेली दिसते, फक्त रिक्तिकेची (पेशीतल्या द्रवभरल्या पिशवीची) जागा काळी. बिघडलेल्या पेशीत मात्र एकच झगझगीत ठिपका, आणि डीएनए रंगवून पाहिला तर तोही नेमका त्याच जागी. रंध्रं जागच्या जागी, एमआरएनएही भरपूर, तरी तो आत अडकलेला. 'आपोआप' म्हणणाऱ्याने हा ठिपका समजावून सांगावा.

इंट्रॉनची ओळ अर्धवट खरी आहे, म्हणून जास्त फसवी. (इंट्रॉन म्हणजे जनुकातला मधला असा तुकडा, जो आरएनएमधून कापून टाकावा लागतो; तीच काटछाट.) यीस्टच्या साधारण ६,००० जनुकांपैकी जेमतेम ५ टक्क्यांत इंट्रॉन असतात, हे खरं. पण ती जनुकं कुठली आहेत ते पाहा: बरीचशी रायबोसोमच्या प्रथिनांची, म्हणजे सतत धो धो वाचली जाणारी. त्यामुळे तयार होणाऱ्या एमआरएनए रेणूंपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त इंट्रॉनवाल्या जनुकांतून येतात. इंट्रॉन नसलेले रेणूही बिनतयारीचे निघत नाहीत. प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनए उतरवणं, चालू असतानाच थो नावाचा प्रथिनसमूह, सब२ आणि यरा१ ही प्रथिनं त्यावर चढतात, टोकाला टोपी बसते, मागे ए-शेपटी लागते, शेपटीवर नॅब२ हे प्रथिन बसतं. मेक्स६७ ला स्वतःला आरएनए नीट पकडता येत नाही, ते या मध्यस्थांच्या ओळखीने येतं. प्राण्यांच्या पेशीत हा सरंजाम बराचसा काटछाटीशी बांधलेला असतो, यीस्टमध्ये तो प्रतिलेखनाशी बांधलेला आहे. भानगड तेवढीच, जागा बदलली.

रॅन-जीटीपीबद्दल, म्हणजे जीटीपी हा ऊर्जेचा रेणू बाळगून प्रथिनांच्या ने-आणीला दिशा देणाऱ्या रॅन या प्रथिनाबद्दल, थोडं सबुरीने बोलायला हवं, कारण एके काळी जाणकारांनाही तसं वाटलं होतं. प्रथिनांना बाहेर नेणारं सीआरएम१ रॅनवरच चालतं, आणि ते बिघडवलं की एमआरएनएही आत साठतो असं दिसलं होतं. पण असा परिणाम आडवाटेनेही होऊ शकतो: ने-आण करणारी प्रथिनंच अडकली तर पुढचं सगळं बिनसतं. मग यीस्टच्या सीआरएम१ मध्ये एकच अमिनो आम्ल बदलून ते लेप्टोमायसिन बी या औषधाला बळी पडेल असं केलं गेलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात औषध देताच प्रथिनांची निर्यात थांबली, पण बहुतांश एमआरएनए बाहेर जातच राहिला.

मग ऊर्जा कुठे खर्च होते? बाहेरच्या दारात. रंध्राच्या पेशीद्रवाकडच्या बाजूला नप१५९ या रंध्रातल्या प्रथिनावर डीबीपी५ नावाचं, एटीपी हा पेशीचा ऊर्जेचा रेणू वापरणारं प्रथिन बसलेलं असतं. शेजारच्या ग्ले१ या प्रथिनाकडून, तेही इनोसिटॉल हेक्साफॉस्फेट हा छोटा रेणू सोबत असेल तर, त्याला चेतना मिळते. डीबीपी५ बाहेर आलेल्या आरएनएवरून मेक्स६७ आणि नॅब२ उतरवतं. ती उतरली की परत आत शिरायचा परवाना संपला. दातेरी चाकाला खिटी असते तसंच हे: पुढे सरकलेलं मागे येत नाही. प्रवासाला स्वतःला फार वेळ लागत नाही. २०१५ मध्ये जिवंत यीस्टमध्ये एकेक रेणू टिपला गेला तेव्हा रंध्र ओलांडायला सुमारे २०० मिलिसेकंद लागताना दिसले. त्याच प्रयोगात बिघडलेलं मेक्स६७ असलेल्या पेशींत काही रेणू पेशीद्रवाच्या बाजूने परत केंद्रकात शिरताना सापडले.

'तपासणी बाहेर होते' याचं उत्तर थोडक्यात. रंध्राच्या आतल्या तोंडाशी एक टोपली असते, तिथे एमएलपी१ हे प्रथिन. ते काढून टाकलं की इंट्रॉन तसाच राहिलेले कच्चे रेणू बाहेर निसटू लागतात. म्हणजे ते एरवी दारातच अडवले जात होते. पेशी ४२ अंशांवर तापवली तर आणखी गंमत: एरवीचा बहुतेक एमआरएनए आत थोपवला जातो आणि उष्णतेशी झुंजणाऱ्या प्रथिनांचा तेवढा सोडला जातो. निवड आत होते, बाहेर नाही.

आता माझ्याच बाजूची एक दुरुस्ती. मेक्स६७ आरएनएचा हात धरून त्याला आतून बाहेर नेतं, असं मीही वर्षानुवर्षं सांगत आलो. २०१९ मध्ये दाखवलं गेलं की मेक्स६७ रंध्रातल्याच एका प्रथिनाला कायमचं जोडून टाकलं तरी पेशी जगते. म्हणजे त्याचं खरं काम रंध्रात आहे, केंद्रकभर फिरून आरएनए गोळा करायची त्याला गरज नसावी. तेव्हा नवी आकृती काढणाऱ्यांनी मेक्स६७ ला हमाल म्हणून रंगवू नये, रंध्रातच उभं करावं.